७ ऑगस्ट : गुपित पोटात ठेवणारे फादर श्पे

आजचं वाचन : नीतिसूत्रे ११:१३, नीतिसूत्रे ३१:८-९, इब्री १३:३



आजच्या वाचनातल्या पहिल्या दोन जागा एकाच पुस्तकातल्या आहेत, पण लागोपाठ वाचल्या की त्या एकमेकींशी भांडतायत असं वाटतं. नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात विश्वासू माणसाची ओळख सांगितली आहे. दुसऱ्याचं गुपित तो झाकून ठेवतो, चहाडी करणारा मात्र ते गावभर करतो. एकतिसाव्या अध्यायात लमुवेल राजाची आई मुलाला शिकवते, की ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड आणि दुबळ्याचा न्याय कर. म्हणजे एकीकडे गप्प राहा आणि दुसरीकडे बोल. मग मी नक्की काय करू?

हा प्रश्न मला नुसता वाचून पडलेला नाही. त्यामागे माझी एक चूक आहे, ती आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आधी आमच्या पॅरिशच्या युवकांबरोबर मी एका कारागृहात कॅरल गायला गेले होते. फोन गेटवरच जमा केले. गाणी झाली, केक वाटला, आणि मग माझ्याच वयाचा एक बंदी माझ्याशी दहा मिनिटं बोलला. आईबद्दल, घराबद्दल, आणि ज्या रात्री सगळं बिघडलं त्या रात्रीबद्दल. तिकडे कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आमच्याबरोबर आलेले फादर एकेकाचं कन्फेशन ऐकत होते. पहारेकरी दिसेल इतक्या जवळ, पण ऐकू जाणार नाही इतक्या लांब उभा होता.

परतीच्या लोकलमध्ये मी त्या मुलाची सगळी गोष्ट मैत्रिणींना सांगितली, त्याच्या नावागावासकट. रात्रीपर्यंत ती प्रार्थना-विनंती होऊन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली. कुणी मला चहाडखोर म्हटलं नाही. उलट सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले.

त्याच प्रवासात एका मुलानं गंमतीनं फादरना विचारलं होतं, की आत काय काय ऐकलंत हो. फादर हसले आणि पुढच्या स्टेशनवर वडापाव चांगला मिळतो की नाही ते विचारू लागले. तेव्हा मला ते विनोदी वाटलं. घरी आल्यावर मात्र कळलं, की त्या मुलानं माझ्याही हातात काहीतरी ठेवलं होतं. फादरनी त्यांच्याकडचं जपलं आणि मी माझ्याकडचं वाटून टाकलं.

म्हणून आज मी तुम्हाला एका धर्मगुरूंची जीवनकथा सांगणार आहे. आज त्यांचा स्मृतिदिन आहे. त्यांना संत घोषित केलेलं नाही, त्यामुळे दिनदर्शिकेत त्यांचं नाव सापडणार नाही. त्यांचं नाव फ्रीडरिश श्पे. जर्मनीत ते कवी म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि तुरुंगातल्या निरपराध स्त्रियांचे कैवारी म्हणूनही.

भारतात यायचं होतं

२५ फेब्रुवारी १५९१ रोजी ऱ्हाइन नदीकाठच्या कायझर्सवेर्थ गावी त्यांचा जन्म झाला. आज ते गाव ड्युसेलडॉर्फ शहराचा भाग आहे. शिक्षण कोलोनमध्ये झालं आणि १६१० साली, एकोणिसाव्या वर्षी, ते येशूसंघात दाखल झाले.

तरुणपणी त्यांच्या मनात एकच ओढ होती आणि ती आपल्या देशाची होती. १६१७ साली त्यांनी रोमला संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून मला भारतात पाठवा अशी विनंती केली. जरा आठवून बघा, त्या वेळी आपल्याकडे काय चाललं होतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण गोव्यात रायतूर इथे छापून जेमतेम एक वर्ष झालं होतं आणि फादर स्टीफन्स अजून हयात होते. आपल्या ओव्यांच्या मातीत एक कवी-धर्मगुरू आधीच रुजला होता. दुसरा यायला तयार होता.

पण रोमहून नकार आला. तुमचं मिशन क्षेत्र जर्मनीतच आहे, असं त्यांना कळवण्यात आलं.

आपण एखाद्या गोष्टीसाठी खूप प्रार्थना करतो आणि देव दुसरीकडेच पाठवतो, तेव्हा कसं वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. श्पे रुसले नाहीत. १६२२ साली माइंत्स इथे त्यांची गुरुदीक्षा झाली. ज्या फ्रान्सिस झेवियरच्या वाटेनं त्यांना जायचं होतं, त्याला त्याच वर्षी संतपद मिळालं. श्पे शिकवू लागले, प्रवचनं देऊ लागले, गीतं लिहू लागले. त्यांच्या नावावर असलेलं आगमनकाळाचं एक गीत १६२२ पासून आजतागायत जर्मन चर्चमध्ये गायलं जातं.

मग देवानं त्यांना खरंच एका अनोळखी मुलुखात पाठवलं. हा मुलूख समुद्रापलीकडे नव्हता. तो त्यांच्याच देशातल्या तुरुंगांत होता.

आगीचा काळ

१६१८ साली युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं होतं. त्यात पिकं बुडत होती, साथी येत होत्या आणि लोक कुणावर तरी खापर फोडायला टपले होते. शेजारणीची गाय मेली, गारपीट झाली, मूल दगावलं, की कुणीतरी चेटूक केलं असणार असं ठरायचं. बामबेर्ग आणि व्युर्त्सबुर्ग या संस्थानांत १६२६ ते १६३१ या काळात शेकडो माणसांना जाळण्यात आलं. बामबेर्गमध्ये तर १६२७ साली चेटकाच्या संशयितांसाठी खास तुरुंग बांधला गेला.

आणि आता लाजेची गोष्ट. या दोन्ही संस्थानांचे राज्यकर्ते बिशप होते, आपल्याच धर्मसभेचे. प्रोटेस्टंट मुलुखांतही हेच चालू होतं, पण म्हणून आपली लाज कमी होत नाही.

कायदा होता. सम्राट पाचव्या चार्ल्सची १५३२ सालची फौजदारी संहिता होती. तिच्यात छळ करण्याआधी ठोस संशय हवा असं म्हटलं होतं आणि छळाखाली दिलेला कबुलीजबाब नंतर छळाविना पुन्हा द्यावा लागे. ऐकायला बरं वाटतं. पण माणूस नंतर फिरला आणि मी खोटं बोललो म्हणाला, तर त्याला पुन्हा छळाच्या खोलीत नेता येत असे. मग फिरणार कोण?

बामबेर्गचे महापौर योहानेस युनियस यांनी २४ जुलै १६२८ रोजी तुरुंगातून आपल्या मुलीला, वेरोनिकाला, चोरून एक पत्र लिहिलं. ते आजही जपलेलं आहे. अंगठे चिरडलेल्या हातांनी त्यांनी लिहिलंय, की मी निरपराध आहे, छळ सोसवेना म्हणून मी गोष्ट रचून सांगितली आणि मग मला दुसऱ्यांची नावंही घ्यायला लावली. त्यात एक छोटीशी बाब आहे, तिच्यावर माझी नजर अडकते. विचार करायला त्यांनी एक दिवस मागितला आणि एक धर्मगुरू मागितला. दिवस मिळाला, पण धर्मगुरू नाकारला गेला.

का नाकारला असेल? कारण त्या सगळ्या तुरुंगात खरं ऐकून घेऊन ते बाहेर न फोडणारा तो एकच कान असतो.

कोठडीत ऐकलेलं

फादर श्पे असाच एक कान होते. चेटकाच्या आरोपाखाली पकडलेल्या, बहुतेक वेळा शिक्षा ठरून गेलेल्या स्त्रियांकडे ते जात, त्यांचं पापनिवेदन ऐकत आणि चितेपर्यंत त्यांच्याबरोबर चालत.

लायबनिझ या थोर तत्त्वज्ञानं पुढे लिहून ठेवलंय, की या स्त्रिया आधी धर्मगुरूसमोरही न्यायाधीशाला सांगितलेली तीच गोष्ट सांगत. हा माणूस आत जाऊन सगळं सांगेल आणि पुन्हा छळ सुरू होईल, ही त्यांची भीती. पण हा धर्मगुरू आपल्याला फसवणार नाही अशी खात्री पटली, की त्यांना रडू फुटे आणि खरं बाहेर येई, की आम्ही काही केलं नाही. आम्ही खोटी कबुली दिली, शेजारणींची खोटी नावं दिली, आणि आता त्या खोटेपणामुळे आमच्या आत्म्याचं काय होईल?

मित्रांनो, इथे जरा थांबा. त्या कोठडीत बसलेल्या फादरच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

समोरची बाई निरपराध आहे हे तुम्हाला आता माहीत आहे. उद्या सकाळी तिला जाळणार आहेत. न्यायाधीश पलीकडच्या खोलीत बसलाय. आणि तुम्ही त्याला एक शब्दही सांगू शकत नाही.

प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेलं धर्मगुरूनं शब्दानं, खुणेनं, कशानंही उघड करायचं नाही, हा नियम १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेत स्पष्टपणे मांडला गेला. तो मोडणाऱ्याचं याजकपद काढून घ्यायचं आणि त्यानं आयुष्यभर मठात प्रायश्चित्त करायचं, असं तिथे ठरलं. आजही कॅथलिक धर्मसभेत हा नियम तितकाच कडक आहे. जाणूनबुजून थेट मोडणारा धर्मगुरू त्या क्षणीच बहिष्कृत होतो.

तुम्ही म्हणाल, असा कसा नियम, एखाद्याचा जीव वाचत असेल तर सांगायला काय हरकत आहे? मीही तेच म्हणायचे. पण श्पे यांच्या जागी बसून बघितलं की दुसरी बाजू दिसते. त्यांनी न्यायाधीशाकडे जाऊन सांगितलं असतं, की ती मला निरपराध आहे म्हणाली, तर न्यायाधीशानं त्याचा अर्थ एवढाच काढला असता, की ती कबुलीजबाबावरून फिरली. मग पुन्हा छळ. तिला माहीत होतं, म्हणूनच ती घाबरत होती. दुसरं म्हणजे एका धर्मगुरूनं एकदा जरी बाहेर सांगितलं, तरी त्या तुरुंगातली पुढची बाई कुठल्याच धर्मगुरूसमोर खरं बोलली नसती. खोटं पोटात घेऊन ती एकटीच आगीत गेली असती.

आणि तसे धर्मगुरू होते. श्पे यांनी पुढे स्वतः लिहिलंय, की काहीजण न्यायाधीशांचे हस्तक झाले होते. गुन्हा कबूल केल्याशिवाय पापक्षमा देणार नाही असं ते कैद्यांना धमकावत. धर्मगुरूचं काम आत्म्याला धीर देण्याचं आहे, सरकारसाठी गुन्हा उकरून काढण्याचं नाही, असं श्पे यांनी त्यांना ठणकावलं.

असं म्हणतात, की योहान फिलिप फॉन शोनबोर्न नावाच्या एका तरुण धर्माधिकाऱ्यानं त्यांना विचारलं, की तुमचे केस वयाआधीच इतके पांढरे कसे झाले? श्पे यांनी उत्तर दिलं, की ज्यांना मी चितेपर्यंत पोहोचवलं त्यांच्या दुःखानं. हीही आठवण लायबनिझनंच नोंदवून ठेवली आहे. श्पे तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर होते.

गुपित पोटात ठेवणं म्हणजे काय, ते मला या पांढऱ्या केसांतून कळतं. आपल्याला वाटतं, गप्प बसणं म्हणजे काहीच न करणं. तसं नसतं. ठेवलेलं आत वजन टाकत राहतं.

नाव नसलेलं पुस्तक

आता एकतिसाव्या अध्यायाकडे येऊ. श्पे गप्प बसले का? नाही.

१६२९ च्या एप्रिलमध्ये पाइने गावाजवळ त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला. त्या भागातल्या लोकांना पुन्हा कॅथलिक पंथात आणण्याच्या मोहिमेवर ते गेले होते आणि कुणीतरी रस्त्यात गाठून त्यांच्या डोक्यावर घाव घातले. बरं व्हायला कित्येक आठवडे लागले. नंतर पाडरबोर्नला ते नीतिशास्त्र शिकवू लागले. १६३१ च्या सुरुवातीला ती जागाही गेली. आणि त्याच वर्षी रिंटेल्न या प्रोटेस्टंट गावातल्या एका छापखान्यातून एक लॅटिन पुस्तक बाहेर पडलं : काउत्सिओ क्रिमिनालिस, म्हणजे फौजदारी खटल्यांबाबत सावधगिरीचा इशारा. लेखकाचं नाव नव्हतं, फक्त एक अज्ञात रोमन कॅथलिक धर्मपंडित एवढंच छापलं होतं.

पुस्तकात ५१ प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं. पहिलाच प्रश्न आहे, की चेटकिणी खरोखर असतात का? श्पे उत्तर देतात, असतात. आपल्याला आज हे विचित्र वाटेल, पण ते त्यांच्या काळाचे होते, आणि कदाचित म्हणूनच न्यायाधीशांनी पुढचं पान उलटलं. पुढच्या पानांमध्ये मात्र त्यांनी ते सगळं खटल्यांचं यंत्र सुटं करून दाखवलं.

त्यासाठी त्यांनी एक बाई कल्पिली आणि तिला गाया असं नाव दिलं. रोमन कायद्याच्या पुस्तकांत उदाहरणासाठी गायुस नावाचा माणूस येतो, आपल्याकडे अमुकतमुक म्हणतात तसा. गाया ही तशीच अमुक बाई. ती वाईट चालीची असेल तर तो पुरावा. चांगल्या चालीची असेल तर चेटकिणी सोंग घेतात, म्हणून तोही पुरावा. पकडल्यावर घाबरली तर मन खातंय. घाबरली नाही तर सैतानाचा पाठिंबा आहे. छळात कबूल केलं तर प्रश्नच मिटला. नाही केलं, तर सैतानानं तिला बळ दिलं. छळात मेली तर सैतानानंच तिची मान मोडली. थोडक्यात, एकदा आत गेलेली गाया बाहेर येण्याची वाटच नाही. श्पे म्हणतात, असाच छळ न्यायाधीशांचा करा, धर्मगुरूंचा करा, बिशपांचा करा, म्हणजे सगळेच चेटके निघतील.

आणि त्यांनी शपथेवर सांगितलंय, की मी ज्या स्त्रियांना चितेपर्यंत सोबत केली, त्यांपैकी एकीलाही सगळा विचार करून दोषी म्हणता येईल असं मला वाटत नाही.

आता बघा, त्यांनी काय साधलं. कैद्यांपैकी कुणाला ओळखता येईल असं काही पुस्तकात नाही. कुणी त्यांच्यापाशी काय निवेदन केलं, ते गाया या नावाआड सुरक्षित आहे. माणसाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, पण अन्यायाबद्दल सगळं बोलले. न्यायाधीश कसे विचार करतात, छळ कसा होतो, नावं कशी गोळा केली जातात, हे तर तुरुंगात जाणाऱ्या कुणालाही दिसत होतं. फक्त बघून लिहिणारा कुणी नव्हता.

मला वाटतं, नीतिसूत्रांच्या त्या दोन जागांचं भांडण इथे मिटतं. त्या बाईचं गुपित तिचं आहे, ते झाकायचं. तिच्यावरचा अन्याय सगळ्यांचा आहे, तो उघडा करायचा.

किंमत

याची किंमत त्यांनी मोजली. संघाच्या परवानगीशिवाय पुस्तक छापल्याबद्दल त्यांच्यावर ठपका आला. हस्तलिखित लेखकाच्या नकळत छापलं गेलं असं सांगण्यात आलं, पण १६३२ साली दुसरी आवृत्ती निघाली आणि नाराजी वाढली. संघातल्याच काही जणांना पुस्तकावर बंदी हवी होती. रोमच्या प्रमुखांनी श्पे यांना संघाबाहेर काढण्याचा विचार मांडला. पण त्यांचे प्रांताधिकारी फादर गोस्विन निकेल त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी श्पे यांना ट्रिअरला पाठवलं. हेच निकेल पुढे संघाचे प्रमुख झाले. आपल्या पाठीशी उभं राहणारा एक तरी निकेल प्रत्येकाला लागतो. तुमच्या आयुष्यात असेल तर आज त्याला एक फोन करा.

१६३५ साली ट्रिअरमध्ये लढाई झाली. जखमी आणि साथीनं आजारी पडलेल्या सैनिकांची श्पे सेवा करू लागले. कोण कुठल्या बाजूचा, हे त्यांनी बघितलं नाही. तीच साथ त्यांना लागली आणि ७ ऑगस्ट १६३५ रोजी ते प्रभूघरी गेले. वय अवघं ४४ वर्षं. त्यांचा कवितासंग्रह १६४९ साली, म्हणजे त्यांच्यानंतर चौदा वर्षांनी छापून आला. त्यांची कबर तर १९८० साली ट्रिअरच्या येशूसंघीय चर्चच्या तळघरात सापडली.

आणि पुस्तक? चिता लगेच विझल्या नाहीत. खटले पुढेही चालू राहिले. पण पांढऱ्या केसांबद्दल विचारणारा तो तरुण शोनबोर्न पुढे व्युर्त्सबुर्गचा बिशप झाला आणि १६४७ साली माइंत्सचा आर्चबिशप. लायबनिझ सांगतात, की त्यानं आपल्या राज्यात हे जाळणं बंद केलं. १७०१ साली ख्रिस्टिआन टोमाझिउस या प्रोटेस्टंट कायदेपंडितानं चेटकाच्या खटल्यांविरुद्ध लिहिलं, तेव्हा त्यालाही या कॅथलिक धर्मगुरूच्या पुस्तकाचा आधार घ्यावा लागला. एका माणसानं विचारलेला साधा प्रश्न आणि त्याला मिळालेलं एक खरं उत्तर किती लांब गेलं बघा.

आपल्यासाठी

इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात सांगितलंय, की कैद्यांची आठवण ठेवताना आपणही त्यांच्याबरोबर कैदेत आहोत असं समजा. हे वाचताना मला नेहमी वाटायचं, की कैद्यांची आठवण ठेवायची म्हणजे नाताळात कॅरल गायचं आणि केक वाटायचा. आता वाटतं, त्यात आणखी एक गोष्ट आहे. कैद्याकडचं सगळं काढून घेतलेलं असतं. कपडे, फोन, नाव, वेळ. त्याच्याकडे स्वतःचं असं एकच उरतं, ते म्हणजे त्याची गोष्ट. ती कुणाला सांगायची, हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. मी तोही काढून घेतला होता.

त्या नाताळनंतर मी ग्रुपवरून तो मेसेज डिलीट केला. वाचायचा त्यांनी वाचला होताच. मग कन्फेशनला गेले. त्याच फादरकडे. त्यांनी ऐकलं. त्यानंतर आम्ही अनेकदा भेटलो, बोललो, पण तो विषय त्यांनी स्वतःहून कधीच काढला नाही. आज तो मी स्वतः तुम्हाला सांगतेय, कारण ही चूक माझी आहे आणि ती सांगायचा हक्कही माझा आहे. त्या मुलाचं काही मी इथे लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण इथे चूक होऊ शकते. संस्काराची ती शपथ धर्मगुरूंची आहे, तुमची-माझी नाही. एखादी मैत्रीण जीव द्यायच्या गोष्टी करत असेल, तर मी कुणाला सांगणार नाही असं वचन देऊन बसू नका. तिच्या घरच्यांना, डॉक्टरांना, कुणातरी मोठ्या माणसाला सांगा. एखाद्या लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं हे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे विश्वासूपणा नाही. तिथे एकतिसावा अध्याय लागू होतो. फादर श्पे यांनी गुपित झाकलं ते दुबळ्याला वाचवण्यासाठी, जुलमी माणसाला वाचवण्यासाठी नव्हे. कुठलंही गुपित हातात आलं, की हाच एक प्रश्न विचारा : मी गप्प राहिलो तर कोण सुरक्षित राहतंय?

आज एवढंच करू या :

१. कुणीतरी विश्वासानं सांगितलेली एक गोष्ट आठवा. ती आपण आणखी कुणाला सांगितली का, हे तपासा. सांगितली असेल तर प्रभूकडे आणि जमलं तर त्या माणसाकडे क्षमा मागा.

२. ग्रुपवर प्रार्थना-विनंती टाकताना नाव, आजार, घरची भांडणं, स्क्रीनशॉट यांतलं काहीही त्या माणसाला विचारल्याशिवाय टाकू नका. देवाला पत्ता माहीत आहे.

३. ज्याच्यासाठी कुणी बोलत नाही अशा एका माणसासाठी आज बोला. ऑफिसमध्ये, कॉलेजमध्ये, घरात. त्याचं नाव न घेता बोलता येत असेल तर तसंच बोला.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू स्वतः कैदी झालास. खोट्या साक्षी तू ऐकल्यास आणि शेजारच्या क्रुसावरच्या गुन्हेगाराचं शेवटचं बोलणंही ऐकून घेतलंस. कारागृहात जाऊन बंद्यांचं दुःख ऐकणाऱ्या सगळ्या धर्मगुरूंना, धर्मभगिनींना आणि सेवकांना बळ दे. जे ते कुणाला सांगू शकत नाहीत, ते तू त्यांच्याबरोबर वाहून ने. निरपराध असून आत बसलेल्यांना न्याय दे, आणि अपराधी असून पश्चात्ताप करणाऱ्यांना शांती दे. माझ्या ओठांना झाकायचं ते झाकायला शिकव आणि उघडायचं तेव्हा भिऊ देऊ नकोस. आमेन.

उद्या पुन्हा भेटू या, नवीन वाचनासह. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.